तिसऱ्या भट्टीच्या मागे

वर्ध्याहून पिपरीकडे जाताना एक चढ लागतो. आता दोन्ही बाजूंना घरं आहेत, घरांना गेटं आहेत, गेटांवर बोगनवेली चढवलेल्या आहेत. ऑटोवाल्याला तो चढ वाटतही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती टेकडी होती आणि टेकडीवर तीन चुनाभट्ट्या होत्या. माझं सासर म्हणजे त्या भट्ट्यांच्या पायथ्याशी असलेल्या दोन खोल्या.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मी सतरा वर्षांची, चौथी पास. माहेर सेलूकडचं, शेतीवाल्यांचं. आमच्याकडे घरात काळी माती यायची, पायाला लागून. इथं सगळं पांढरं. अंगणातली तुळस पांढरी, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं पांढरं, कोंबड्या पांढऱ्या. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी तुळशीची पानं पुसायची. मग सोडून दिलं.

भट्टी म्हणजे काय ते आताच्या माणसाला सांगावं लागेल. विहीर जमिनीत खोल खणतात, तशी ही जमिनीवर उभी बांधलेली. बाहेरून काळा दगड, आतून वीट. टेकडीच्या उताराला पाठ लावून तिन्ही भट्ट्या उभ्या होत्या, म्हणजे वरून टेकडीवरनं माल टाकायचा आणि खाली तोंडातून चुना काढायचा. नाल्याकाठच्या काळ्या मातीत चुनखडीचे गोटे सापडत. बायका ते वेचून, धुऊन टोपल्यांनी आणत. रेल्वेच्या इंजिनांतून पडणारा अर्धवट जळका कोळसा बैलबंड्यांनी यायचा. तो खालून वर न्यायला रुळांवरची एक ढकलगाडी होती. चुनखडीचा एक थर, कोळशाचा एक थर, असं तोंडापर्यंत भरायचं आणि खालून पेटवायचं. चार-पाच दिवस भट्टी जळत राहायची. शेजारी चुना विझवायचा हौद आणि चुना मळायची दगडी चाकाची घाणी. तिला एक म्हातारा बैल जुंपलेला असे.

या सगळ्याचे मिस्त्री माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात; भट्टीवरचे सारे त्यांना बाबा म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मामाजी, हे आणि मी. मालक गावात राहायचे, महिन्यातून एकदा येत. बाकी सारं मामाजींवर. त्यांच्या वडलांनी पहिली भट्टी बांधली होती. उरलेल्या दोन मामाजींनी स्वतःच्या हातानं. तिसरी भट्टी सगळ्यात उंच आणि सगळ्यात शहाणी, असं ते म्हणायचे. "तिले मालूम राह्यते माल कधी झाला ते. मले फक्त आयकाव लागते." आणि खरंच ते भट्टीच्या अंगाला हात लावून उभे राहायचे, डोळे मिटून, आजाऱ्याचा ताप बघावा तसे.

त्यांचे हात मात्र बघवत नसत. चुन्यानं कातडी खाल्लेली, बोटांच्या पेरांवर भेगा, त्या भेगांत पांढरं बसलेलं. संध्याकाळी मी जवसाचं तेल कोमट करून वाटीत द्यायची. पहिल्यांदा दिलं तेव्हा ते म्हणाले, "तुही सासू देत होती." एवढंच. पुढे कधी काही बोलले नाहीत, पण वाटी पुढे केली की हात आपोआप येत.

भट्टीवर काम करणाऱ्या बायकांत एक गोंडीण होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. उंच, काटक, डोक्यावर चुनखडीची टोपली घेऊन चढ चढताना हात लावायची नाही. नवऱ्याशी ती तिच्या भाषेत बोलायची, आमच्याशी आमच्या. मी तिला मावशी म्हणायची. तिला मूल नव्हतं. मला माहेरची आठवण येऊन मी चुलीपुढे रडत बसले असताना तीच एकदा दारात आली, पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन म्हणाली, "रडून घे, पन भाकर जाळू नको." मला हसू आलं. तेव्हापासून ती माझी झाली.

दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली.

तिचं नाव इथं लिहीत नाही. ते लिहिलं की मला पुढचं लिहिता येत नाही, असा अनुभव आहे.

माहेराहून तीन महिन्यांची घेऊन आले तेव्हा मामाजी टेकडीवर होते. बंडी दिसल्यावर ते खाली आले, पण जवळ येईनात. लांबूनच म्हणाले, "थांब." मग हौदापलीकडच्या पिंपातल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले, घरात जाऊन तेल लावलं, धोतराला पुसले, आणि मग हात पुढे केले. त्या दिवसापासून हे रोज चाललं. दिवसातून सहा-सात वेळा माणूस हात धुवायचा, केवळ तिला घ्यायला. यांनी एकदा चेष्टा केली, "बाबा, भट्टी बंद पडन तुमच्या आंघोयीनं." मामाजी म्हणाले, "पडू दे."

ती चालायला लागल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहीना. समोर हौद, रूळ, घाणी. मामाजींनी जुने पत्रे आणून हौदाभोवती कुंपण केलं. मावशीनं आठवडी बाजारातून घुंगरू आणून तिच्या पायात बांधले, म्हणजे कुठं आहे ते ऐकू यावं. वरच्या बायका टोपली रिकामी करून खाली येताना तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय जात नसत. तीही सगळ्यांना ओळखायची. तिला भट्टी म्हणता यायचं नाही, 'भत्ती' म्हणायची, आणि तिसऱ्या भट्टीच्या अंगाला आजोबांसारखा हात लावून उभी राहायची. डोळे मात्र मिटायची नाही, आजोबांकडे बघत राहायची, बरोबर करते आहे ना म्हणून.

चैत्रात तिला गोवर निघाला. गावात बऱ्याच लेकरांना निघाला होता. मी कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला, अंग पुसत राहिले. दोन दिवस तापात होती, पण पाणी पीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं डोळे उघडले नाहीत. श्वास असा चालला होता की बरगड्या दिसत होत्या. मामाजींनी भट्टीवरून येऊन बघितलं. त्या दिवशी त्यांनी हात धुतले नाहीत. तसेच तिला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याकडे निघाले. हे मागे धावले. मला म्हणाले, "तू घरीच थांब, आमी येतो."

दुपारी मी दारात उभी होते. उन्हात ते दोघं येताना दिसले. मामाजींच्या खांद्यावर ती तशीच होती, जाताना होती तशी, मान खांद्यावर, एक हात खाली लोंबलेला. मला वाटलं, औषध मिळालं, झोपली. मी मावशीला हाक मारून म्हटलं, "झोपली व, झोपली." मावशी माझ्याकडे न बघता माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिनं मला दोन्ही दंडांना घट्ट धरलं. तेव्हा मला कळलं. रेल्वे फाटकाच्या अलीकडेच सगळं संपलं होतं. तिथूनच ते परत फिरले होते.

लहान लेकराला जाळत नाहीत. आमच्याकडे अशा लेकरांची जागा नाल्याकाठी होती. चार माणसं जमली तेव्हा मामाजी म्हणाले, "नाल्यावर नाई. पावसाळ्यात पानी चढते तिथं. वर ठेवू. माही नजर राह्यल तिच्यावर." टेकडी मालकाची, पण मालकाला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. बायकांनी जायचं नसतं. मी दारात बसले होते. वर तिसऱ्या भट्टीचा धूर सरळ चालला होता, वारा नव्हता. त्या धुराच्या मागे ते लोक दिसेनासे झाले.

पंधरा-वीस दिवसांनी मावशी आली. म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"तिच्यापाशी."

मी म्हटलं, "बायका जात नाईत, मावशी."

"आमच्यात जातेत. तू आली नाई, मी नेली तुले. चाल."

तिनं माझा हात धरून मला चढावर नेलं. तिसऱ्या भट्टीच्या मागे, उताराच्या वर, एक हातभर लांबीचा चबुतरा होता. मामाजींनी बांधलेला, स्वतःच्या भट्टीच्या चुन्यात. कडा इतक्या सरळ की देवळाच्या वाटाव्यात. मावशीनं मला तिथं रडू दिलं. मग म्हणाली, "आता उठ आन् नीट पाह्य." तिच्या लोकांत मोठ्यांनाही मातीतच ठेवतात, त्यामुळे जागा लक्षात ठेवणं तिला ठाऊक होतं. तिनं मला चबुतऱ्याजवळ बसवलं. "खाली पाह्य. तुह्यं दार दिसते?"

दिसत होतं. भट्टीची गोलाई आणि टिनाची शेड यांच्या मधल्या फटीतून आमच्या खोलीचं दार, दारातला पाटा, सगळं स्पष्ट.

"तिले तू दिसतं इथून," मावशी म्हणाली. "म्हणून बाबानं हे ठिकान घेतलं. तुले सांगतलं नसन त्यायनं."

सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी रोज पाट्याशी बसून वर बघायची. चबुतरा खालून दिसायचा नाही, गवतात जायचा. पण तो कुठं आहे ते कळायचं, भट्टीवरून. कुणी मला तेव्हा विचारलं असतं की तुझी मुलगी कुठं आहे, तर मी बोटानं दाखवू शकले असते. ज्यांची लेकरं गेली आहेत त्यांना हे केवढं मोठं असतं ते कळेल.

दोन वर्षं अशी गेली. मग भट्ट्यांचं काम कमी व्हायला लागलं. सरकारी बांधकामं सिमेंटची व्हायला लागली होती. नाल्यातली चुनखडीही सरत आली, बायकांना तिच्यासाठी दीड-दोन कोस जावं लागे. आधी पहिली भट्टी थंड झाली, मग दुसरी. तिसरी मामाजींनी कशीबशी एक हंगाम चालवली. नंतर मालक आले, ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि जमिनीकडे बघत म्हणाले की भट्ट्यांचा दगड रस्त्याच्या ठेकेदाराला दिला आहे. मामाजींनी फक्त विचारलं, "कोन पाडन?"

ठेकेदाराची माणसं पहारी घेऊन आली तेव्हा मामाजींनी त्यांना थांबवलं. "असं नका पाडू. वरून सुरू करा. नाईतर अंगावर येईन." आणि मग ते स्वतःच वर चढले. ज्या माणसानं भट्ट्या बांधल्या त्यानंच त्या पाडल्या, हे पुढे लोक सांगत तेव्हा त्यात एक दोष दिल्यासारखा सूर असायचा. मी खालून बघत होते. ते पाडत नव्हते. एकेक दगड ठोकून, सैल करून, उचलून खाली देत होते. आतल्या विटा इतक्या वर्षांच्या आगीनं वितळून काचेसारख्या झाल्या होत्या, निळ्या-हिरव्या. गावातली माणसं त्या बघायला यायची, कुणी खिशात घालून न्यायची. मामाजी कुणाला नाही म्हणाले नाहीत.

मला तेव्हा सहावा महिना होता.

तिसरी भट्टी शेवटी राहिली. ती पाडायच्या आधी मामाजी ठेकेदाराला मागे घेऊन गेले आणि चबुतरा दाखवला. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. त्यानं हात जोडले. "बाबा, मलेही लेकरं आहेत. त्या बाजूले हात नाई लावत कोनी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

यांना त्याच सुमारास हिंगणघाटला गिरणीत काम लागलं. ते तिथंच एका खोलीत राहू लागले, रविवारी येत. मी बाळंतपणाला माहेरी गेले. जाताना तिसरी भट्टी कमरेइतकी उरली होती. पलीकडे चबुतरा पहिल्यांदाच खालून दिसत होता, मधला आडोसा गेला आणि गवत तुडवलं गेलं म्हणून. पांढरा, लहानसा. मी बंडीत बसेपर्यंत बघत होते.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं होतं. मामाजी आले. नवं धोतर, हातात झबलं-टोपडं, आणि पिशवीत पेढे. माझ्या वडलांनी त्यांना लोडाशी बसवलं. त्यांनी मुलाला घेतलं तेव्हा मी बघितलं, ते हात धुवायला उठले नाहीत, कारण हातांवर काही नव्हतंच. संध्याकाळी ते निघायचं म्हणू लागले. मी आतून निरोप पाठवला, मग स्वतःच दाराआड उभी राहिले. म्हटलं, "मामाजी, राहा नं एक-दोन दिवस. लेकराले पाहा."

"टेकडीवर कोनी नाई, सुनबाई."

मी म्हटलं, "आता टेकडीवर राह्यलं काय, मामाजी?"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "हं. बरोबर हाये." आणि राहिले. दोन दिवस राहिले. नातवाला मांडीवर घेऊन त्यांनी माझ्या वडलांना चुन्याचे प्रकार समजावून सांगितले. वडील हसून मला म्हणाले, तुझा सासरा बोलतो की.

मुलगा अडीच महिन्यांचा झाल्यावर मी परत आले. बंडी वळणावर आली आणि मला वाटलं, गाडीवान चुकला. काहीच ओळखीचं नव्हतं. तीन भट्ट्या नाहीत, शेड नाही, रूळ नाहीत, घाणीचं दगडी चाकही नेलेलं. एवढंच असतं तर मी मनाची तयारी करून आले होते. पण टेकडीच तशी राहिली नव्हती. पाठीमागचा अर्धा उतार सुरीनं भाकर कापावी तसा कापलेला, आत लालसर मुरूम उघडा पडलेला. आणि स्टेशनकडे जाणारा नवा रस्ता त्याच मुरमाच्या रंगाचा.

मामाजी दारात उभे होते. मी मुलाला त्यांच्याकडे दिलं आणि विचारलं. तोंडानं नाही, बघूनच. ते लगेच म्हणाले, "हाये. तिथंच हाये. चाल, दाखवतो."

उरलेल्या टेकडीवर, बऱ्याच उजव्या अंगाला, कडुनिंबाच्या पलीकडे चबुतरा होता. तसाच, हातभर लांबीचा. कडा तशाच सरळ. मामाजी म्हणाले, "रंग दिला नवा. खराब झालता."

मी वाकले, हात लावला, आणि तिथं बसले. सवयीनं खाली बघितलं.

आमचं दार दिसत नव्हतं. मधे कडुनिंब होता.

मी बराच वेळ तशी बसून राहिले असेन. मुलगा मामाजींच्या खांद्यावर रडायला लागला होता. मी मागे वळून बघितलं तेव्हा मामाजी माझ्याकडे बघत नव्हते, कापलेल्या उताराकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला सांगता येणार नाही. मी उठले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "चांगला ठेवला तुम्ही, मामाजी."

मावशीनं आठ दिवस माझ्यासमोर यायचं टाळलं. भट्टी गेल्यावर ती नवराबायको रस्त्याच्या कामावर होती, पण तेही काम संपत आलं होतं आणि ते दोघं कारंज्याकडे, तिच्या भावाच्या गावी निघाले होते. निघायच्या दिवशी ती आली. ओसरीवर बसली. मुलाच्या टाळूवर हात ठेवला.

मी विचारलं, "मावशी, खरं सांग."

"बाबानं शपथ घातली मले."

"मले मालूम हाये. दार नाई दिसत तिथून."

तेव्हा ती रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मामाजी बारशाला गेले त्याच दिवशी ठेकेदार दुसऱ्या कामावर नागपूरला गेलेला. दुसऱ्या दिवशी नवी माणसं मुरूम काढायला लावली, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मावशी त्या दिवशी पुढच्या तुकड्यावर दगड फोडत होती, कोसभर लांब. तिच्या समोर बंड्या येऊन मुरूम ओतत होत्या आणि ती तो पसरत होती. तिला काय ठाऊक. संध्याकाळी मुरमात तिला पांढऱ्या चुन्याचा एक ढेकूळ दिसला, एका बाजूनं सरळ कड असलेला. ती तशीच धावत टेकडीवर आली.

"दोन दिवसानं बाबा आला," मावशी म्हणाली. "मी सांगतलं. तो घरात बी नाई गेला. टोपली घेतली, फावडं घेतलं. आमी दोघायनं सारे ढीग पाह्यले. रस्त्यावर पसरला तो बी हातानं पाह्यला. ठेकेदार आला, त्यानं पाय धरले बाबाचे. पाय धरून काय होते? काई नाई भेटलं, पोरी. तो एक तुकडा भेटला तेवढाच. तोच त्यानं नव्या चबुतऱ्याच्या मंधात घातला."

मग तिनं माझा हात धरला. "तू त्याले बोलजो नको. तो मरन."

मी बोलले नाही. पण 'आता टेकडीवर राह्यलं काय' हे माझे शब्द मला तेव्हापासून कधी सुटले नाहीत. दळताना, मुलाला पाजताना, केव्हाही ते उठायचे. मामाजींना मीच थांबवलं होतं. त्यांना हे कधी आठवलं असेल का, त्याचा राग आला असेल का, याचा मी इतक्या वर्षांत खूप विचार केला आहे. त्यांच्या वागण्यात मला कधी दिसला नाही. ते मात्र स्वतःला दोष देत असणार, की आपण गेलो. आम्ही दोघं एका छपराखाली एकच दुःख दोन टोकांनी धरून बसलो होतो आणि एकमेकांना ते दाखवत नव्हतो.

मावशी गेली. पुन्हा मला ती भेटली नाही. दोन-तीन वेळा कारंज्याच्या बाजूच्या माणसांजवळ चौकशी केली, पण लागली नाही.

मी रोज त्या नव्या चबुतऱ्यापाशी जायची. संध्याकाळी दिवा ठेवायची. आधी मामाजींसाठी ठेवायची, त्यांना बरं वाटावं म्हणून. ते दारातून बघत असत. स्टेशनकडच्या रस्त्यानं मात्र मला जाववत नसे. बाजाराला जायचं असलं की मी शेताच्या बांधावरून वळसा घालून जायची. हे म्हणायचे, चांगला रस्ता झाला तर ही चिखलातून जाते. मी म्हणायची, सवय आहे.

काम गेल्यावर मामाजी झपाट्यानं उतरले. दिवसभर ओसरीवर बसत, नातवाला खेळवत. एकदा दुपारी ते स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघत होते. भेगा भरून आल्या होत्या. कातडी मऊ झाली होती. मी सवयीनं तेलाची वाटी आणली तर म्हणाले, "आता काऊन?" मी वाटी तशीच हातात धरून उभी राहिले. मग त्यांनीच हात पुढे केले. "दे. आनली तर दे."

त्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. इतकी वर्षं श्वासातून गेलेली चुन्याची धूळ. दवाखान्यात नेलं, औषध झालं, घरी आणलं. हे रजा काढून आले होते. एका दुपारी हे औषध आणायला गेले असताना मामाजींनी मला हाक मारली. उशाशी बस म्हणाले. श्वास लागत होता, एकेक शब्द सुटा येत होता.

"सुनबाई, एक सांगाचं राह्यलं."

मला कळलं. मी त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता.

"त्या चबुतऱ्याचं..." ते म्हणाले.

मी म्हटलं, "सकाळीच जाऊन आली मी, मामाजी. झाडून काढलं. चांगला हाये. कडा एकबी नाई तुटली."

ते माझ्याकडे बघत राहिले. "सुनबाई, थो चबुतरा..."

"तिथंच हाये ती," मी म्हटलं. "तुमी ठेवलं तिथंच हाये. तुमची नजर हाये नं तिच्यावर."

त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. त्यांना कळलं की मला कळलेलं आहे, की त्यांना खरंच वाटलं की मी फसले आहे, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावरची पकड थोडी घट्ट केली. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. चार दिवसांनी गेले.

तेरावं झाल्यावर आम्ही हिंगणघाटला जायचं ठरवलं. सामान फार नव्हतंच. निघायच्या सकाळी मी एकटी वर गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या चबुतऱ्याला कुशीत घेतल्यासारखी आडवी झाले आणि रडले. खाली कुणी नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसानं फक्त माझ्यासाठी बांधलेला, आत एक पांढरा तुकडा असलेला तो ओटा. मला तिचं दुःख होतं, त्यांचं होतं, त्या उंच भट्टीचंही होतं, आणि ते वेगळं काढता येत नव्हतं. खाली बंडीतून यांनी हाक मारली.

वाटेत यांनी विचारलं, "तिच्यापाशी जाऊन आली?"

मी म्हटलं, "हो."

यांना मी कधीच खरं सांगितलं नाही. टेकडी कापल्यावर जुन्या खुणाच राहिल्या नव्हत्या, त्यामुळे ते त्याच चबुतऱ्याला आपल्या लेकीची जागा समजत राहिले. वर्ध्याला काही कामानं गेले की तिथं जाऊन यायचे आणि मला सांगायचे, गवत वाढलं होतं, काढून आलो. पुढे तिथं प्लॉट पडले तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझं जेवण मात्र त्यापूर्वीच, फार पूर्वी, सुटून पुन्हा सुरू झालं होतं. यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मुलाला एवढंच माहीत आहे की त्याच्याआधी एक बहीण होती, ती गोवरानं गेली, आणि टेकडीवर आजोबांच्या भट्ट्या होत्या. मध्यंतरी त्यानं मला गाडीत घालून तिकडे नेलं. गाडी चढावर उभी केली आणि म्हणाला, "आई, दाखव कुठं होतं सगळं." मी खाली उतरले. चारी बाजूंना घरं. कुठल्या तरी घरातून कुकरची शिट्टी आली. मी बोट वर केलं, पण कुठल्या दिशेला करायचं ते मला कळेना. मी म्हटलं, "इथंच. हे सगळंच."

आता हे लिहून झालं आहे. तो माझं लिहिलेलं वाचतो, कौतुकानं वाचतो. पण हे वाचलं की त्याला कळेल, आजोबा त्या दिवशी टेकडीवर का नव्हते. त्याचं बारसं होतं म्हणून. त्याला वाचायला द्यायचं की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही.